हेंककाकांच्या गाडीचा ब्रेक

हा किस्सा मी आजवर पन्नासेक वेळा तरी सांगितला असेल. पण अर्धाच. कुणाकडे जेवायला गेलो, जेवणं आटपून गप्पा सुरू झाल्या, की नवरा म्हणतो, अगं, त्या म्हाताऱ्यांच्या गाड्यांचं सांग ना. मग मी सांगते. लोक हसतात. त्यांचं हसणं ओसरायच्या आत मी उठून ताटं गोळा करायला लागते. पुढचा अर्धा भाग नवऱ्याला माहीत नाही, माझ्या मुलीला माहीत नाही, मिरजेत कुणालाच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. की इथेही ताटं उचलायला उठेन? बघू. मी दमले आहे, एवढं खरं. लपवून दमले असं म्हणायला बरं वाटतं – पण खरं सांगायचं तर लपवायला फारसे कष्ट पडलेच नाहीत.

तर आधी हसण्याचा भाग.

मी वाखनिंगनला बटाट्याच्या करप्यावर संशोधन करते. नेदरलँड्स म्हणजे पोळपाटासारखा सपाट देश, असं आपण शाळेत शिकतो. पण आमच्या गावाबाहेर चक्क चढ आहे. सायकलवर बसलं की तो चांगलाच कळतो. त्या चढाच्या पलीकडे झाडीला लागून निवृत्त लोकांची एक वसाहत आहे. छोटी छोटी बैठी घरं, मध्ये एक मोठं सभागृह, आणि आत मोटार आणायला बंदी. मोटार फाटकापाशी ठेवायची आणि आत फिरायचं ते गोल्फच्या मैदानावर असतात तसल्या बॅटरीच्या गाड्यांतून. कुठल्याशा बंद पडलेल्या मैदानाच्या जुन्या गाड्या त्यांनी आणल्या होत्या. आणल्यावर जे व्हायचं तेच झालं. एकाने आपली सजवली म्हणून दुसऱ्याने सजवली.

एका बाईंच्या गाडीला लेसचे पडदे होते आणि पुढे जिरेनियमची कुंडी. एका निवृत्त दंतवैद्यांनी टपावर उशीएवढी दाढ बसवली होती. दोघी बहिणी होत्या, त्यांनी गाडीला लोकरीचा स्वेटर विणून घातला होता, बाह्यांसकट. सकाळी साडेदहाला कॉफीची वेळ झाली की या सगळ्या गाड्या एकामागे एक सभागृहाकडे निघायच्या. ढोलताशे तेवढे नाहीत, बाकी विसर्जनाची मिरवणूकच. इथपर्यंत आलं की लोक खूप हसतात, आणि मी उठते.

आता बसून राहते.

मी तिथे जायचे ती डच शिकायला. ग्रंथालयाची एक योजना होती – परदेशी माणसाला बोलायच्या सरावासाठी एक डच माणूस जोडून द्यायचा. मला हेंक मिळाले. वय त्र्याऐंशी, उंच, जरा वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर उत्तरेकडे. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून मीही समोर हेंक म्हणायचे. मनात मात्र ते पहिल्या दिवसापासून हेंककाकाच होते. जवळजवळ दोन वर्षं मी दर शनिवारी त्यांच्याकडे गेले. मला काय येत होतं? सुपरमार्केटातलं डच आणि प्रयोगशाळेतलं डच. माणसाशी बोलायचं डच मला त्यांनी शिकवलं.

ते पुलावर नोकरीला होते. कालव्यावरचे पूल असतात ना, बोट आली की मधोमध उघडतात – तसल्या पुलावर. आधी रस्ता अडवायचा, आडवा दांडा खाली आणायचा, मग पूल उचलायचा. हा क्रम. आयुष्यभर हा क्रम एकदाही चुकला नाही, असं ते दर शनिवारी एकदा तरी सांगायचे. मी डचमधला भूतकाळ त्याच वाक्यावर घोटला. त्यांची गाडीही पुलाच्या चौकीसारखीच होती. हिरवा रंग, पुढे लाल-पांढरा दांडा, तो दोरीने वरखाली व्हायचा, बाजूला पितळी घंटा. आणि काठीला टांगलेला एक लाकडी बूट. पूर्वी म्हणे खालून जाणाऱ्या होडीसमोर पूलवाला असा बूट सोडायचा आणि होडीवाला त्यात टोल टाकायचा. आता वाटेत भेटेल तो त्यात पेपरमिंटची गोळी टाकायचा. त्यातली एक मला मिळायची, उच्चार बरे झाले तर.

गाडीचा ब्रेक नीट समजावून सांगते, कारण सगळं तिथेच येतं. ब्रेकच्या पेडलला वरच्या बाजूला एक पट्टी असते. गाडी थांबली की ती चवड्याने दाबायची. कट् असा आवाज होतो आणि ब्रेक अडकतो. मग गाडी हलत नाही. पुन्हा वेगाच्या पेडलवर पाय दिला की तो आपोआप सुटतो. हेंककाका गाडी उभी करायचे, पट्टी दाबायचे, एक बोट वर करायचे आणि मला विचारायचे, "ऐकलंस?" मी म्हणायचे, "ऐकलं." मगच उतरायचं. दोन वर्षं, प्रत्येक शनिवारी, प्रत्येक थांब्यावर. पहिल्यांदा मला मजा वाटली, मग कंटाळा आला, आणि मग ती सवय झाली.

आता बाबा. माझे बाबा मिरज आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. गुडघे गेल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात आणि व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून रस्ते बघून घेतात. माणसं नकोत, इमारती नकोत, रस्ता दाखव. मला त्यांनी मोटार शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता. मी ती कॉलेजच्या कंपाउंडवर घातली. तेव्हापासून येईल-जाईल त्याला ते सांगतात, पोरगी बटाट्याची डॉक्टर झाली, पण हिला क्लच सोडता येत नाही. ते गमतीने म्हणतात. मीही हसते. पण चाळिशी आली तरी ते मला लागायचं, आणि त्यात लागण्यासारखं काही नाही हेही मला कळत होतं.

एका शनिवारी मी बाबांची आणि हेंककाकांची फोनवर गाठ घालून दिली. मी मध्ये दुभाषी. पण दोन मिनिटांतच माझी गरज संपली. काकांनी फोन खाली पायापाशी नेला आणि पट्टी दाबून दाखवली, कट्. बाबांनी तिकडून मान डोलावली. मग बाबांनी मिरजेत खुर्चीत बसल्याबसल्या हँडब्रेक ओढल्याची खूण केली आणि तोंडाने कर्र असा आवाज काढला. दोघेही खूश. फोन ठेवताना बाबा म्हणाले, "हा माणूस आपल्यातला आहे गं." बाबा असं सहसा कुणाला म्हणत नाहीत.

मी पाल्हाळ लावते आहे, कळतंय मला. कुणी सांगितलं तर थांबेन, पण इथे सांगणारं कुणी नाही.

तो शनिवार ऑक्टोबरातला होता. ऊन होतं, म्हणून सगळेच बाहेर पडले होते आणि सभागृहासमोरची नेहमीची जागा भरली होती. काकांनी गाडी वरच्या अंगाला, उतारावर उभी केली. पट्टी दाबली. आम्ही आत गेलो. कुणाचा तरी वाढदिवस होता, केक होता. तेवढ्यात बाबांचा फोन आला. आत गलका, म्हणून मी बाहेर आले. बाबा म्हणाले, हेंकसाहेबांची गाडी दाखव. मी दाखवली. म्हणाले, बस की आत. मी बसले. किल्ली गाडीतच होती, तिथे सगळे तशीच ठेवायचे. मग ते म्हणाले, "चालवून दाखव बघू."

पाहुण्यांनी गाडी चालवायची नाही, असा फाटकावर फलक होता. मी तो पहिल्या महिन्यातच वाचला होता, डच शिकण्यासाठीच वाचला होता. तरी मी पेडलवर पाय दिला. एका हातात फोन, एका हातात चाक. दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे. क्लच नव्हता, त्यामुळे काही चुकलं नाही. बाबा हसायला लागले, आईला हाका मारायला लागले, ये लवकर, शुभा गाडी चालवतेय बघ. आई हात पुसत आली. त्या दोन मिनिटांत मी इतकी खूश होते की काय सांगू. दारातून कुणीतरी मला हाक मारली, कॉफी गार होतेय. मी पाय उचलला, गाडी थांबल्यासारखी वाटली आणि मी उतरले. फोनमध्ये बघत, हसत आत गेले.

केकचा तुकडा अर्धा झाला असेल, तेव्हा बाहेर घंटा वाजायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं कुणी गंमत करतंय. मग कुणीतरी खिडकीतून पाहिलं. हिरवी गाडी एकटीच उतारावरून चालली होती, चौकीतून कुणी वाजवत असल्यासारखी घंटा हलत होती. खाली ग्रेटा म्हणून एक बाई चालत येत होत्या, स्वेटरवाल्या बहिणींपैकी धाकट्या. त्या बाजूला झाल्या, पण पडल्या. मनगट मोडलं. गाडी पुढे जाऊन झाडाला थटली आणि लाल-पांढरा दांडा तुटून पडला.

आम्ही सगळे बाहेर धावलो. ग्रेटाबाईंना बाकावर बसवलं. वसाहतीच्या व्यवस्थापक आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, गाडी कोणी उभी केली होती? काका म्हणाले, मी. आणि ब्रेक लावला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठाम होता. मग ते माझ्याकडे वळले. नुसतं वळले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "शुभा, मी तुला विचारलं होतं ना? ऐकलंस म्हणून?"

पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्या सगळ्यांना मी आवडत होते. त्यांच्यासाठी मी बटाट्याची डॉक्टर होते, दिवाळीला चिवडा आणणारी, सगळ्यांची विचारपूस करणारी शहाणी मुलगी. तेव्हा माझा नागरिकत्वाचा अर्ज खेमेंतेत, म्हणजे इथल्या पालिकेत, पडून होता. नंतर बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आले की मी त्या अर्जामुळे घाबरले. पोलीस येतील, कुठेतरी नोंद होईल. पण तुम्हाला सांगायला बसले आहे तर खरं सांगते. त्या क्षणी मला अर्ज आठवलाही नव्हता. मला फक्त त्या पंधरा-वीस माणसांचं तोंड उतरलेलं बघायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी.

मी म्हटलं, "आज नाही विचारलंत, हेंक."

डचमध्ये म्हटलं. बिनचूक. त्यांनीच शिकवलेल्या भूतकाळात.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादी वस्तू ठेवल्या जागी सापडली नाही की माणूस जसा रिकाम्या जागेकडे बघतो, तसे. मग हळूच म्हणाले, नाही विचारलं? मी मान हलवली. ते खाली बसले.

पुढचं सगळं फार सौम्यपणे झालं. कुणी त्यांना बोल लावला असता तर ते भांडले असते, आणि भांडले असते तर कदाचित मीही – पण नाही, हे मी पुन्हा सुरू केलं. कुणी बोल लावला नाही. ग्रेटाबाई प्लास्टरमधला हात घेऊन त्यांना भेटायला गेल्या आणि म्हणाल्या, वय झालं की व्हायचंच. व्यवस्थापकबाईंनी किल्ली मागून घेतली. काकांच्या मुलीला फोन गेला. डॉक्टरांनी त्यांच्याकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं, वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. काका म्हणाले, पण ब्रेक मी विसरलो, आणि विचारायचं विसरलो, आणि विसरलो हेही मला आठवत नाही.

मी जायची थांबले नाही. तुम्हाला वाटलं असेल की तोंड लपवलं असेल. उलट, मी दर शनिवारी जात राहिले, चिवडा घेऊन. घरात हळूहळू चिठ्ठ्या दिसायला लागल्या. गॅसजवळ, दारापाशी, नळावर. बंद केला का? बघितलं का? बाहेर पडताना ते कुलूप लावायचे, चार पावलं जायचे, परत यायचे. पुलाची गोष्ट त्यांनी सांगायची सोडून दिली. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाले, कोण जाणे, तिथेही चुकलो असेन, कुणी बोललं नसेल.

माझ्या तोंडाशी तेव्हा आलं होतं. खरंच आलं होतं. पण ते लगेच म्हणाले, तुझे आभार मानायचे राहिलेत. मी विचारलं, कशाबद्दल? ते म्हणाले, "बाकी सगळ्यांनी माझं मन राखलं. वारा असेल, गाडी जुनी होती, असं काहीबाही म्हणाले. तू एकटीने खरं सांगितलंस." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

मी तो काढून घेतला नाही. चहा घेतला, बिस्कीट घेतलं, सायकलवर बसून घरी आले. त्या संध्याकाळी आम्ही इडली केली होती, हेसुद्धा मला आठवतं.

बाबांचं राहिलं. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांनी इकडचं-तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाले, "त्या दिवशी उतरताना ब्रेक लावलास का गं? कट् झालं नाही." मी म्हटलं, लावला बाबा, फोन लांब होता म्हणून ऐकू आलं नसेल. ते म्हणाले, असेल. जन्मभर गाडी चालवलेला माणूस, त्याला आवाज ऐकू आला की नाही हे कळत नसेल का? त्यानंतर मधूनमधून विचारायचे, हेंकसाहेब कसे आहेत, गाडी चालवतात ना? मी सांगायचे, छान आहेत, चालवतात. अलीकडे ते विचारत नाहीत. रस्ते दाखव म्हणतात, त्या वसाहतीचा सोडून. क्लचवरून चिडवायचेही बंद झालेत. मला वाटतं बाबांना ठाऊक आहे. मीही त्यांना विचारत नाही.

वर्षभरात काकांच्या मुलीने त्यांना आपल्या गावाजवळच्या शुश्रूषागृहात नेलं. स्वतःहून मागितलं त्यांनी. एकटं राहण्यावर माझा भरवसा नाही, म्हणाले. जायच्या दिवशी हिरवी गाडी कुणीतरी दुसऱ्याने घेतली आणि तिच्यावर सूर्यफुलं रंगवली. मी तिकडे दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते चाकांचा वॉकर ढकलत आले, थांबले, दोन्ही ब्रेक दाबले, आणि बाजूच्या नर्सला बोट वर करून विचारलं, ऐकलंस? ती म्हणाली, ऐकलं, ऐकलं. तिला ती गंमत वाटत होती. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू म्हणत होते, बघ, आता विचारायला विसरत नाही.

गेल्या वसंतात पोस्टाने कार्ड आलं. इथे माणूस गेला की छापील कार्ड येतं, वर नाव, खाली वेळ आणि जागा. मी गेले. कॉफी होती, केकही होता. काकांच्या मुलीने मला बाजूला घेऊन लाकडी बूट दिला. माझ्या वडिलांनी तुमच्यासाठी ठेवला होता, म्हणाली. तिथेही मी काही बोलले नाही. ती रडत होती, मी तिला थोपटलं. समोर तिच्या बापाची पेटी होती आणि मी तिला थोपटत होते.

बूट आता आमच्या दाराशी टांगलेला आहे. माझी मुलगी त्यात सायकलची किल्ली टाकते. येणारेजाणारे विचारतात, हे काय आहे? मग नवरा म्हणतो, अगं, त्या म्हाताऱ्यांच्या गाड्यांचं सांग ना.

मी जी सांगत नाही ती गोष्ट एवढीच आहे. त्या शनिवारी हेंककाकांनी गाडी उतारावर उभी केली. पट्टी दाबली. कट् असा आवाज झाला. त्यांनी बोट वर केलं आणि मला विचारलं, ऐकलंस? मी म्हटलं, ऐकलं.